दोरीबाहेरचा माळढोक

आमच्या घरात खरं बोलायला बंदी नव्हती. फक्त पाहुण्यांसमोर ते बोलायचं नाही, एवढी रीत पाळली जायची. आबा फौजेतून हवालदार होऊन परतले ते एक लोखंडी ट्रंक, एक काळं घोंगडं आणि तीन जन्म पुरतील एवढ्या हकिकती घेऊन. सरहद्दीवर मगात ओतलेला चहा म्हणे तळाला पोचेपर्यंत गोठायचा, मग जवान तो संगिनीनं खणून काढायचे आणि खडा गालात धरून पहारा द्यायचे. आई त्यांच्याही वरताण. तिच्या माहेरच्या विहिरीला पाणी इतकं की, कावळा चोच बुडवायला उतरला तर पोहायला शिकूनच वर यायचा. तिच्या आवाजाबद्दल मी सांगतो ते मात्र खरं आहे: मळ्यातून तिनं मला जेवायला हाक मारली की रहिमतपूरच्या स्टेशनावर गार्ड हातातला बावटा खाली करायचा. थंडीत आमचं गुऱ्हाळ लागलं की इंजिनाची पुकपुक, काहिलीतल्या रसाचा वास आणि चुलवाणासमोर बसून काकवीत बुडवून खाल्लेली भाकरी, ह्या सगळ्यांच्या मधोमध घरच्या थापा शिजायच्या. गुळासारखंच असतं ते. घाई केली तर थाप ढिली पडते, फार घोटली तर करपते. हे शिक्षण मला घरात फुकट मिळालं आणि तेवढ्या भांडवलावर मी सांगलीला कॉलेजात गेलो.

तिथं प्राणिशास्त्राला कांबळे सर होते. अंगानं काडी, आवाज हळू, आणि शर्टाची इस्त्री अशी की बाहीच्या घडीवर बोट कापावं. एखाद्या गोष्टीला तीन शब्द पुरणार असतील तर चौथा ते खिशात ठेवून देत. त्यांनी मनात घेतलं होतं की साताऱ्याच्या घाटापासून सांगलीच्या पार पूर्वेकडच्या माळापर्यंत पाखरांच्या जाती किती आहेत, याचा अंदाज काढायचा. मदतीला त्यांनी दोन विद्यार्थी घेतले. एक शैला, सांगलीच्या गावभागातली, जिच्या वहीत कधी खाडाखोड नसे. दुसरा मी, कारण मला सायकल पंक्चर झाली तरी चालवता यायची. मी पहिल्याच दिवशी सरांना सांगून टाकलं, त्यात काय अवघड, कृष्णेच्या काठाकाठानं चालत जाऊ आणि दिसतील तेवढी मोजू. सर म्हणाले, "काठावर पाखरं जास्त, म्हणून तू काठानं जाणार. मग जिथं कमी आहेत तिथलं कोण सांगणार?"

मला ते तेव्हा कळलं नाही. कळलं ते आमच्याच सोप्यात. सरांना नकाशावरच्या जागा निवडायच्या होत्या, त्याही कुणाच्या मर्जीनं नाही, निव्वळ नशिबानं. मी बोलून गेलो की आमच्या आबांकडं फौजेतल्या हाउजीची पिशवी आहे. आकडे कोरलेल्या लाकडी सोंगट्या, नव्वदच्या नव्वद. सरांनी दोन्ही जिल्ह्यांच्या नकाशावर बरोबर नव्वद चौकटी आखल्या आणि एका रविवारी आमच्या घरी आले. आबांनी त्यांना आपल्या शेजारी पाटावर जेवायला बसवलं. गल्लीतली दोन डोकी दारातून आत बघून गेली. आबा त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "लंगरात आमी सगळी एका रांगंत बसायचो, कांबळेसाहेब. पोटाला जात इचारत बसलो असतो तर लढलो कवा असतो? आणा गं वांगं." वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, ताटाच्या कडेला लोण्याचा गोळा. सर चवीनं जेवले आणि मग आईला म्हणाले, "शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तेच काम आहे आमचं. पण वरचं शीत घेतलं तर कच्चं असेल, तळचं घेतलं तर करपलेलं. म्हणून डोळे मिटून हात घालायचा." आई म्हणाली, "आवं, डोळं मिटून आधणात हात घातला तर भाजंल की."

"भाजतोच," सर म्हणाले.

आबांनी पिशवी हलवली ती असली हलवली की वर आढ्याला झोपलेलं मांजर खाली आलं. एकेक सोंगटी काढून ते परेडवर पुकारावं तसे आकडे पुकारत होते आणि शैला नकाशावर टिंब देत होती. मला वाटलं होतं आता तळी निघतील, देवराया निघतील. निघालं काय, तर शिरवळजवळ एका कारखान्याच्या कुंपणालगतचा खडकाळ तुकडा, पलूसचा ऊस, कुठल्याशा गावची ओसाड गायरानं, आणि एक टिंब तर थेट कृष्णेच्या धारेत. मी म्हणालो, सर, हे बोटभर इकडं सरकवू, तिथं वडाचं बन आहे, पाखरं मावत नाहीत. सरांनी पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली. निघालं तिथंच उभं राहायचं. आणि त्या धारेतल्या टिंबासाठी आम्ही पुढं खरोखर होडी केली, नावाड्यानं आम्हाला वेड्यांच्या दवाखान्याचा पत्ता विचारला, ती हकिकत वेगळी.

काम दिसायला सोपं होतं. आदल्या संध्याकाळी नकाशा आणि होकायंत्र घेऊन जागा शोधायची, तिथं लाकडी मेख ठोकायची. मेखेला आमच्या विहिरीच्या मोटेचा जुना नाडा बांधून तो चारी दिशांना ताणायचा आणि जिथं तो संपेल तिथं चुना लावलेला एकेक दगड ठेवायचा. झालं वर्तुळ. पहाटे फटफटताना मेखेपाशी येऊन दहा मिनिटं हलायचं नाही. एकानं वर्तुळात दिसेल, ऐकू येईल ते पाखरू पुकारायचं, दुसऱ्यानं लिहायचं. वर्तुळाबाहेर इंद्राचा ऐरावत उडत गेला तरी तो आपला नाही. पलूसच्या उसात पहिल्यांदा असा उभा राहिलो तेव्हा मी मनात म्हणत होतो, इथं काय असणार? उसात मी जन्मलो, उसात वाढलो, उसात मार खाल्ला. आणि मग ती दहा मिनिटं सुरू झाली. पात्यांच्या आतून वटवट्या बोलायला लागला, बोटाएवढं पाखरू आणि त्याचा आवाज साऱ्या फडाला पुरून उरला. पाटाकडून भारद्वाज घुमला. डोक्यावरून वेडे राघू गेले, तारेवर कोतवाल, बांधावर कुठंतरी तित्तिर. माझ्या हाताची लव उभी राहिली. वीस वर्षं मी ज्या घरात राहत होतो त्या घराला आणखी दहा खोल्या आहेत असं कुणी दार उघडून दाखवावं, तसं झालं. आज माझा नातू मोबाईल वर धरतो आणि कुठलं पाखरू बोललं ते तो डबा त्याला सांगतो. चांगलंच आहे. पण त्याच्या हाताची लव उभी राहिलेली मी अजून पाहिली नाही.

तर असा भारावलो की माझ्या अंगातलं घराणं जागं झालं. घार उंदीर घेऊन गेली, ती मी गरुड करडू घेऊन गेला अशी पुकारली. शैलानं पेन्सिल थांबवून विचारलं, "करडू कुठल्या रंगाचं?" मी म्हणालो काळं, कानावर पांढरा ठिपका. तिनं ठिपक्यासकट लिहून घेतलं. संध्याकाळी सरांनी ते वाचलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "संपत, तुझ्यामुळं पलूसच्या उसात एक गरुड बसलाय. त्याला आता मी कुठं ठेवू?" मी हसण्यावारी नेऊ लागलो, तसं ते आणखी हळू बोलले. "तुमच्या आबांच्या चहाच्या मगाला कुणी पुरावा मागत नाही. माझ्या साध्या चिमणीला मागतील. माझं आडनाव वाचूनच काही लोक चष्मा पुसायला घेतात." त्या दिवसापासून मला पुकारायचं बंद झालं. शैलानं लिहायचं, सरांनी पुकारायचं, आणि मी मेख, नाडा आणि घड्याळ सांभाळायचं. पाखरं बघू नकोस, दोरी बघ, असा हुकूम. पावसाळ्याची फेरी बिनचूक पार पाडलीस तर पुन्हा पुकारायला घेईन, नाहीतर दुसरा मुलगा बघेन, हेही त्यांनी सांगून ठेवलं. मला तोवर त्या दहा मिनिटांची अशी चटक लागली होती की दोरी तर दोरी, सरांनी वळ म्हटलं असतं तर वाखाचा नाडा वळत बसलो असतो.

पावसाळ्याच्या फेरीतलं शेवटचं टिंब जतच्या पलीकडच्या माळावर पडलं, कानडी मुलुखाच्या उंबऱ्याशी. गौरी-गणपतीची सुट्टी होती. गौरी जेवायच्या दिवशी घरात नाही म्हणून आई माझ्यावर अशी ओरडली की एस.टी.च्या काचा टाकळीपर्यंत थरथरत होत्या. टिंबाच्या शेजारच्याच गावात माझी हौसाआत्या दिलेली. त्यामुळं मुक्काम तिच्याकडं. धाब्याचं बसकं घर, अंगणात शेळ्या, भिंतीला टेकवलेल्या ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची उतरंड. आत्यानं शेंगांच्या पोळ्या केल्या होत्या, वर तूप, बाजूला हुलग्याचं माडगं. शैलाला तिनं चार पोळ्या खाऊ घातल्या आणि पाचवीला ती नको म्हणाली तेव्हा, सांगलीत दुष्काळ पडलाय का गं अव्वा, असं विचारलं.

आत्याचे यजमान निंगाप्पामामा. उंच, वाळलेले, मिशीला तेल. त्यांची ख्याती एकाच गोष्टीत होती: बांध कोरण्यात. दर नांगरटीला ते शेजाऱ्याचा बांध एवढ्या नाजूक हातानं सरकवायचे की शेजारी येऊन पाहायचा, मोजायचा, डोकं खाजवायचा आणि परत जायचा. बांधावरचं गवत मुळासकट उचलून ते नव्या जागी असं बसवत की गवतालासुद्धा आपण हललोय हे कळत नसे. आबा म्हणायचे, निंगाप्पाला आणखी वीस वर्षं दिली तर महाराष्ट्राची हद्द विजापुरात जाईल, सरकारला दावा लावायची गरज नाही. आमच्याही घरात ही कला होती, पण मामांपुढं आम्ही शिकाऊ.

संध्याकाळी मी मेख ठोकायला निघालो तसे मामा बरोबर आले. माळ म्हणजे नुसता आकाशाला लावलेला पाट. ढोपरापर्यंत गवत, मधूनच मुरूम, एक झाड नाही. सरांनी होकायंत्र धरलं, पावलं टाकली, जागा दाखवली. मुरमात मेख जाईना. निम्मी आत गेली आणि अडली. मी तिला पांढरी चिंधी बांधली, नाडा ताणून चार दगड ठेवले. मामा हे सगळं लग्नातला विधी बघावा तसं बघत होते. मग त्यांनी विचारलं की हितंच का. सरांनी हाउजीची गोष्ट सांगितली. मामांनी लांब एका उंचवट्याकडं बोट केलं. आमच्या वर्तुळाच्या कडेपासून आणखी एक नाडाभर पुढं. म्हणाले, "त्या टेंगळावर रोज सकाळी हूम येतोय. नाचतोय. नर हाय. मेख तिकडं हाणा की."

हूम म्हणजे माळढोक. त्याच्या आवाजावरून त्या बाजूला तसं म्हणतात. सरांचा हात नकाशावरच थांबला. मीही घाईनं म्हणालो की हे मामांनी मला लहानपणी दाखवलेलं आहे, माणसाच्या छातीएवढं पाखरू. शैला म्हणाली, "आणि कानावर पांढरा ठिपका?" सर हसले नाहीत. ते त्या उंचवट्याकडं बघत होते. ज्या पाखरासाठी लोक दोन-दोन वर्षं माळ तुडवतात ते तिथं उद्या उभं राहणार होतं. मग ते म्हणाले, मेख आहे तिथंच राहील. मामांचा चेहरा उतरला. परतताना वाटेत मला म्हणाले, "पाव्हणा एवढ्या लांबनं आलाय, आन गावातलं सगळ्यात भारी ते बघायचं न्हाई म्हंतोय. ह्ये तर पंगतीला बसून उपाशी उठल्यागत झालं."

पहाटे आम्ही पांढरी चिंधी शोधत गेलो. धुकं नव्हतं, पण उजेड अजून पातळ दुधासारखा, टेंगळ कुठलं आणि माळ कुठला ते कळत नव्हतं. मेखेपाशी उभे राहिलो, मी घड्याळ धरलं आणि मान खाली घालून दोरी बघू लागलो. सरांनी चंडोल पुकारला, माळटिटवी पुकारली. आणि मग जमिनीतून आवाज आला. कानानं ऐकण्याआधी तो पोटाला लागला. रिकाम्या रांजणात कुणी तोंड घालून हूं म्हणावं तसा. सर पुकारायचेच थांबले. हुकूम मोडून मी मान वर केली.

आता इथं माझी पंचाईत आहे. बारक्या गोष्टी मोठ्या करण्यात माझं आयुष्य गेलं. ही गोष्ट आधीच इतकी मोठी की तिला कुठं हात लावू? गवताच्या वर पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. त्यानं गळा फुगवला, आणि तो फुगतच गेला, पांढरीशुभ्र झोळी छातीवरून खाली उतरत उतरत गुडघ्यांच्या खाली आली. शेपूट पाठीवरून पंख्यासारखं पुढं वळलं. पंख खाली सोडून तो एकेक पाऊल असा टाकत होता की जणू त्याच्या पायाखाली पृथ्वी झोपलेली आहे आणि तिला जाग येता कामा नये. चुन्याचा दगड त्याच्या मागं होता. म्हणजे तो वर्तुळाच्या आत होता.

"माळढोक," सर म्हणाले. "नर. एक. आत." शैलानं लिहिलं. दहा मिनिटं संपली तेव्हा सर खाली गवतात बसले, चष्मा काढला, आणि मला म्हणाले, "संपत, तुझं खरं निघालं." शैला माझ्याकडं पाहून म्हणाली, "आता गरुडाबद्दलही माझा विचार बदलायला लागलाय." मला वाटलं मी फुगून त्या पाखराएवढा होतोय. मी पुकारणारा झालो होतो, आता ह्यात शंका नव्हती. मी ऐटीत मेख उपटायला वाकलो.

मेख लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. मी तिथंच बसलो. काल मुरमात निम्मी अडलेली मेख आज मऊ मातीत पुरी आत होती. बुडाशी गवताचा एक झुबका, मुळासकट आणून टाचेनं हळूच दाबलेला, पाती पूर्वेकडं वळवलेली. ती कारागिरी ओळखायला शाळा लागत नाही, घराणं लागतं. मी उठून पश्चिमेकडं चालत गेलो, आणि टेंगळापासून दोन नाडे दूर मला ते सापडलं: मुरमातलं भोक, त्यावर चपटा दगड, दगडावर गवत. मामांनी रातोरात वर्तुळच्या वर्तुळ सरकवलं होतं. चारी दगडांसकट, त्याच मापानं. जिल्ह्याचा मोजणीदार आला असता तरी त्यानं सही करून दिली असती.

ते मला एकट्यालाच दिसलं होतं, आणि मी गप्प बसलो असतो तर ते पृथ्वीच्या अंतापर्यंत कुणाला दिसलं नसतं. पाखरू खरं होतं. सरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझी बढाई शब्दशः खरी ठरली होती आणि तिला दोन साक्षीदार होते. तोंड उघडलं की ते सगळं जाणार होतं, शिवाय आत्याच्या दारात मामांची मान खाली जाणार होती. मी पुन्हा वळून सरांकडं पाहिलं. ते अजून बसलेलेच होते, तोंड उघडं, गुडघ्यांवर हात, बारशाला बसलेल्या आजोबांसारखे. मी जाऊन म्हणालो, "सर, मेख आपलीच हाय. पण जागा आपली न्हाई."

शैला म्हणाली, "झाली सुरू नवीन." खरं बोललो तर थाप ठरली, हा न्याय मला त्या दिवशी भोगावा लागला. मी सरांना हात धरून त्या भोकापाशी नेलं. दगड उचलला. सर गुडघ्यांवर बसले, भोकात बोट घातलं, मुरमाची खरड बघितली. तेवढ्यात मामाच आले, हातात चहाची किटली, चेहरा कृतार्थ. आला का हूम, म्हणून विचारलं. सरांनी मेखेबद्दल विचारलं तर लपवायचं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"व्हय, म्याच सरकवली," मामा म्हणाले. "तुमी आमच्या दारात आला. मग? पाखरू खरं, माळ खरा, तुमचं डोळं खरं. खोटं काय हाय त्यात?"

सरांनी चहाचा कप घेतला, फुंकर मारली. मग म्हणाले, "मामा, ही एक मेख एकट्या ह्या जागेची नाही. असे जेवढे माळ आहेत तेवढ्या सगळ्यांच्या वतीनं ती उभी आहे. तिच्यात हूम आला तर कागद म्हणेल, इथून माणदेशापर्यंत माळामाळावर हूम आहे."

"म्हणू द्या की. गावाचं नाव हुईल."

"आणि वाचणारा म्हणेल, एवढे आहेत तर राखायचे कशाला."

मामांनी किटली खाली ठेवली. त्यांनी टेंगळाकडं पाहिलं. तिथं आता काही नव्हतं, गवत हलत होतं. ते म्हणाले, "माझ्या बाच्या टायमाला हितं पाच-पाच यायचे. आता ह्यो येकटाच हाय." एवढंच. मग त्यांनी माझ्या हातातून मेख घेतली, जुन्या भोकात बसवली आणि टाचेनं नाही, दगडानं ठोकली. चारी दगड स्वतः वाहून परत आणले. शैलानं कुणी न सांगता सकाळचं पान उभी रेघ मारून रद्द केलं. मी पाहिलं, तिची रेघ आयुष्यात पहिल्यांदा वाकडी आली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उभे राहिलो. सरांनी माझ्या हातातलं घड्याळ काढून घेतलं आणि म्हणाले, "पुकार." तेवढाच शब्द. पहिली दोन मिनिटं काहीच नाही. मग चंडोल वर चढला, मी तो पुकारला. आणि तो आला. टेंगळावर, दोरीच्या दुप्पट लांब, उगवत्या सूर्याच्या ऐन पुढ्यात. कालच्यापेक्षा आज तो काठाकाठानं सोन्याचा होता. हूं, असा आवाज माळावरून लोळत आला आणि माझ्या तळपायातून वर चढला. मामा पार मागं गवतात उकिडवे बसले होते, डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवलेला. आणि त्या वेळी माझ्या पायांपासून दहा हातांवर एक मातकट, टोपीदार, चिमणीएवढी चंडोली येऊन बसली. मी तिच्याकडं पाहिलं आणि म्हणालो, "चंडोल. आणखी एक. आत." पुन्हा हूं झालं. मी म्हणालो, "माळटिटवी, ऐकू आली, डावीकडं, आत." आमच्या साऱ्या घराण्यात एवढं अवघड वाक्य कुणी उच्चारलं नसेल. दहा मिनिटं संपली. सरांनी घड्याळ खिशात घातलं, म्हणाले, "आता बघा," आणि आम्ही चौघं त्या न लिहिलेल्या पाखराकडं बघत राहिलो, ऊन डोक्यावर येऊन हूम गवतात उतरेपर्यंत. देवळात मी पुष्कळदा गेलो आहे, पण इतका गप्प कधी नव्हतो.

सगळ्या फेऱ्या संपल्यावर सांगलीत सरांच्या खोलीवर हिशेब झाला. त्यांनी आम्ही पाहिलेल्या जातींचा आकडा लिहिला आणि त्याच्या खाली त्याहून मोठा दुसरा. मी विचारलं, हा कुणाचा? सर म्हणाले, जत्रेत हिंडताना तेच ते चेहरे पुन्हा भेटायला लागले तर समजावं जत्रा छोटी आहे. दर वळणावर नवा चेहरा, तर अजून पुष्कळ माणसं आपल्याला भेटलेली नाहीत. ज्या जाती साऱ्या वर्षात एकेकदाच भेटल्या, त्यांच्यावरून न भेटलेल्यांचा अंदाज निघतो. मी त्या आकड्याकडं बघतच राहिलो. न पाहिलेल्या गोष्टींवर तर आमचं घर चालत होतं, आणि हा माणूस न पाहिलेली पाखरं मोजून दाखवत होता, त्यात थाप रतीभरही नव्हती. मग त्यांनी त्या आकड्याच्या शेजारी आणखी एक बारका आकडा लिहिला. हा कशाचा, तर आपण किती चुकलेलो असू शकतो त्याचा.

घरी गेलो तेव्हा आबा चुलवाणापाशी बसले होते. मी सगळं सांगितलं, मेख, मामा, हूम, आणि शेवटी तो बारका आकडा. माळढोकाला मी एका बोटानंही वाढवलं नाही, तरी आबांना तो पटला नाही. असलं पाखरू नसतंय म्हणाले. पण त्या बारक्या आकड्यापाशी त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. रस उकळत होता.

"म्हंजे आपण किती चुकतोय ते बी त्यो आधीच लिवून ठिवतोय?"

"व्हय."

"मग असल्या मानसाला कोण पकडणार रं," आबा म्हणाले, आणि जाळ मागं ओढायला उठले.